फळ दाखवा, मग नाव सांगते

२ फेब्रुवारी

मामा म्हणाला, "तुला जे जे ओरडावंसं वाटतं ते लिहून काढत जा. माझी गिऱ्हाइकं घाबरतात." म्हणून ही वही.

आज सकाळी रोपवाटिकेत एका काकूंनी विचारलं, "हे झाड घरात टिकेल ना?" मी म्हटलं, "झाड टिकेल हो, घरातले टिकू देतील का?" काकू रिकाम्या हातानं गेल्या. मामानं मागच्या शेडकडे बोट दाखवलं. "कुकर, शिट्टी झाली. जा, थंड होऊन ये."

मागच्या शेडमध्ये मामाची बोन्साय झाडं आहेत. कॉलेज अर्ध्यावर सोडून मी इथं राहायला आलो, तेव्हापासून त्यांचं सगळं माझ्याकडे आहे. त्यात एक झाड असं आहे की त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. एका दाताच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा मामानं वेटिंग रूममधल्या कुंड्या उचलून आणल्या, त्यातलं हे. बुंधा खाली दोन जाड मुळांत फाकलाय, हुबेहूब दाढेसारखा. म्हणून आम्ही त्याला दाढ म्हणतो. पानं करंगळीच्या नखाएवढी. तोडलं की पांढरा चीक. वडा-पिंपळाच्या घराण्यातलं फायकस आहे एवढं नक्की. पण कुठलं फायकस?

आता खरी गोष्ट लिहितो, म्हणजे पुढे मीच शब्द फिरवायला नको. बाबा लिफ्ट तपासतात. ज्या लिफ्टमध्ये तपासणीची पाटी नाही तिच्यात ते माणूस चढू देत नाहीत. काल ते इथं आले, मी फुशारकी मारत दाढ दाखवली.

"नाव काय याचं?"

"माहीत नाही."

"मग इथं शिकतोयस काय?"

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "एप्रिलमध्ये बोन्साय मंडळाचं प्रदर्शन आहे. तिथं हे नावानिशी मांडून दाखवतो!" मंडळ अनोळखी झाड घेत नाही, हे बोलून झाल्यावर आठवलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "बरोबर नाव. अंदाजपंचे नाही. मांडलंस तर खुशाल इथं राहा, मी कॉलेजचा विषय काढणार नाही. नाही मांडलंस तर पुढच्या सत्राला मुकाट्यानं बॅग भरायची."

मी त्यांच्या हातावर टाळी दिली. मामी आतून म्हणाली, "हे बापलेक म्हणजे एकच माणूस दोनदा जन्माला आलाय."

५ फेब्रुवारी

मोबाइलमध्ये झाडं ओळखणारं ॲप घेतलं. समोरून काढलेल्या फोटोला ते वड म्हणालं, बाजूनं काढलेल्याला लिंबू, वरून काढलेल्याला कोथिंबीर. मोबाइल खताच्या ढिगात भिरकावला. मग बसलो ढीग उपसत. शेवटी मामीनं फोन लावला तेव्हा ढीग वाजायला लागला.

इंटरनेटवरच्या एका बोन्सायवाल्या गटातही विचारलं. एकानं लिहिलं, "बाळा, साधी गोष्ट आहे." पुढचं वाचलंच नाही. "बाळा" या शब्दावरून भांडण झालं. त्यांनी मला गटातून काढलं, की मीच निघालो? मीच निघालो.

९ फेब्रुवारी

कुणीतरी सांगितलं, वनस्पती संग्रहालयात जा. तिथं वाळलेली झाडं कागदावर चिकटवून कपाटांत ठेवतात आणि त्यावरून नवी झाडं ओळखतात. गेलो.

दारातच एक मुलगी बसली होती. एका वाळक्या फांदीला ब्रशनं डिंक लावून जाड कागदावर बसवत होती, वर वाळूच्या चिमुकल्या पिशव्या ठेवत होती, हलू नये म्हणून. तिची बोटं डिंकानं चकचकत होती. तिच्याबद्दल लिहायचं की नाही? वही माझी आहे. लिहिणारच.

मी म्हटलं, "मला एका झाडाचं नाव हवंय."

ती मान वर न करता म्हणाली, "सगळ्यांनाच हवं असतं. त्या खुर्चीवर बसू नका, तिथं नेचं वाळतंय."

मी उभाच राहिलो. तिनं वर पाहिलं तेव्हा तिच्या गालावरही डिंक होता. तो वाळला की ओढल्यासारखं होत असेल. मला का ओढल्यासारखं झालं?

आत झाडं ओळखणाऱ्या मॅडम होत्या. भिंगाखाली पान धरून म्हणाल्या, "फायकस."

"ते मलाही माहीत आहे!"

"मग आपण दोघं एकाच ठिकाणी उभे आहोत." मॅडम हसल्यासुद्धा नाहीत. "पानावरून मी फायकसचं नाव घेत नाही. त्यातून तुमच्या कुंडीतलं पान! छाटून छाटून, अर्धपोटी ठेवून तुम्ही लोक कुठलंही पान लहान करता. फळ दाखवा, मग नाव सांगते."

"याला फळ येतच नाही."

"सांगा त्याला, मी वाट बघतेय म्हणून."

बाहेर पडताना ती डिंकवाली म्हणाली, "पुढच्या वेळी निदान एक फांदी आणा, दाबून ठेवू. बुधवारी आणा. बुधवारी मॅडम नसतात."

मॅडमच नसतील तर फांदी नेऊन करायचं काय? लोक काहीही सांगतात.

१० फेब्रुवारी

आज सगळ्या कात्र्यांना तेल दिलं. मग पुसल्या. मग परत दिलं. मामी म्हणाली, "काय रे, कुणाला कापायचा बेत आहे?"

१२ फेब्रुवारी

दाढ साफ केली. या झाडाला एक वाईट खोड आहे. पानांच्या बेचक्यात हिरवट दाणे धरतात, ज्वारीएवढे, बहुतेक जोडीजोडीनं. मामा म्हणतो कीड. झाड आणल्यापासून तो रोज सकाळी चहा पिता पिता चिमट्यानं टिपायचा, आता ते काम माझं. मी एकही शिल्लक ठेवत नाही. मामाला चष्म्याशिवाय अर्धे दिसत नाहीत आणि चष्मा लावला तर तो म्हातारा होतो, म्हणून लावत नाही.

त्याला विचारलं, "मामा, याला कधीच फळ आलं नाही?"

"कधीच नाही. दाताच्या दवाखान्यात वाढलंय, धास्ती खाल्ली असेल."

फोन आला होता बाबांचा, मामाला. "झाड कसंय?" एवढंच विचारून ठेवला. पाळत ठेवतायत.

१५ फेब्रुवारी

बुधवार. फांदी घेऊन गेलो. मॅडम नव्हत्या, सांगितल्याप्रमाणे. तिनं फांदी कागदांत दाबली, मग एका मोठ्या कागदाचं टोक माझ्या हातात दिलं. "धरा, सुटू देऊ नका." मी धरलं. ती पलीकडच्या टोकाला बसून शांतपणे पट्ट्या चिकटवत राहिली. हाताला रग लागली तरी "सोडा" म्हणेना. काम संपलं होतं तरीही. विसरली असेल.

विचारलं, "कॉलेज का सोडलंत?"

म्हटलं, "भांडण झालं."

"कुणाशी?"

"कॉलेजशी."

ती एवढी हसली की वाळूची एक पिशवी सांडली. मला हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं, पण परत तसंच काहीतरी म्हणावंसं वाटतंय.

२२ फेब्रुवारी

दाढेला फळ यावं म्हणून काय काय केलं: हाडांचं खत, राख, सकाळचं ऊन, दुपारची सावली. काल तिच्यासमोर उभं राहून भाषणही केलं. म्हटलं, "तुझ्या एका फळावर माझं अख्खं आयुष्य अडलंय आणि तू नुसती कीड काढतेस!" मागून गिऱ्हाईक आलं होतं. गेलं.

आज कीड जास्तच होती. खतामुळे असेल. सगळी टिपली.

तिला संग्रहालयात सांगितलं, "हरलो मी. हे झाड फळणारं नाही." ती म्हणाली, "मी येऊन बघू का? रविवारी मला सुट्टी असते." म्हटलं, "मॅडमना फळ नसताना झाडात रस नाही." ती म्हणाली, "मी मॅडमबद्दल बोलले का?"

नाही बोलली. मग कुणाबद्दल बोलली?

२६ फेब्रुवारी

रविवार. पेन दोनदा आपटून झालं. काही रागानं, काही... जाऊ दे, क्रमानं लिहितो.

ती सकाळी आली. केस मोकळे होते, गालावर डिंक नव्हता, त्यामुळे आधी ओळखलीच नाही. मामी लगेच चहा घेऊन आली आणि हललीच नाही तिथून. मी तिला शेडमध्ये नेलं. म्हटलं, आपण किती मन लावून काम करतो ते दिसू दे. चिमटा घेतला, दाढेची पानं एकेक उचलून दाणे टिपायला लागलो. टिपून ताटलीत टाकत होतो, ऐटीत.

"हे काय काढताय?"

"कीड. रोज होते. मी एक ठेवत नाही."

तिनं ताटलीतला एक दाणा उचलला. नखानं दोन भाग केले. पिशवीतून भिंग काढलं, डोळ्याला लावलं. मग भिंग खाली केलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, फार भयंकर कीड असावी.

"अरे," ती म्हणाली. "अरे, वेड्या माणसा!" आणि खताच्या पोत्यावर बसून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मामी धावत आली, मामा आला. मी ओरडलो, "काय झालं ते तरी सांगा!"

तिनं भिंग माझ्या हातात दिलं. आत बारीक बारीक केसांसारखं काहीतरी दाटीनं भरलेलं होतं.

"ही फुलं आहेत. फायकसची फुलं फळाच्या आत असतात. हीच त्याची फळं! इतके दिवस सगळ्यांना सांगतोयस फळ येत नाही, आणि रोज सकाळी ताटलीभर तोडतोयस!"

मी मामाकडे बघितलं. मामानं आकाशाकडे. मामी म्हणाली, "बघू हो तो चष्मा आता लावता की नाही."

मी पाय आपटत बाहेर गेलो, पाण्याच्या टाकीला लाथ मारली, अंगठा दुखावला, परत आलो. तिनं मला "तू" म्हटलं होतं, हे लंगडत येताना लक्षात आलं.

२ मार्च

तिचा हुकूम: दाढेला कात्री नाही, चिमटा नाही, बोटसुद्धा नाही. प्रदर्शनापर्यंत. "तिला जसं वाढायचंय तसं वाढू दे. बघू तरी ती मुळात आहे कोण."

बोन्साय करणाऱ्याला हात लावू नको म्हणणं म्हणजे सुताराला लाकडाकडे नुसतं बघत बस म्हणण्यासारखं. मामानं चिमटा चहाच्या डब्यात लपवला. माझ्यापासून की स्वतःपासून, सांगत नाही.

१२ मार्च

दाढ पिसाळली आहे. उजवीकडून एक कोंब सरळ वर निघालाय आणि त्याची पानं बाकीच्यांच्या चौपट मोठी, टोक लांबलचक ओढलेलं. असे कोंब पूर्वीही यायचे. आम्ही त्यांना गुंड म्हणायचो आणि दिसला रे दिसला की उडवायचो. आता रोज त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहतो. हात शिवशिवतात.

आज रविवार, ती बघायला आली. गुंडाला बघून एवढी खूश झाली की जणू पाहुणा आलाय. म्हणाली, "राहू दे हं त्याला. प्लीज." ती प्लीज म्हणाली तर मी शेडसुद्धा उपटून देईन, हे मी तिला सांगितलं नाही. मामी मात्र मागून खोकली.

२१ मार्च

नवी फळं आली, सगळीकडे आली आणि गळाली. कुंडीत जीव तो केवढा, तेवढं ओझं सोसेना. फक्त डाव्या लांब फांदीवर टिकली आहेत, पाच-सहा. त्या फांदीला मामा "हात" म्हणतो. सगळ्या झाडाचा तोल तिच्यावर आहे. मामानं ती वर्षानुवर्षं तार बांधून, सोडून, परत बांधून अशी वाकवली आहे की वाटतं दाढ कुणालातरी "या, बसा" म्हणतेय.

मी रोज त्या फळांना मोजतो आणि मग पाया पडल्यासारखा वाकून मागे येतो.

बाबांचा रविवारचा फोन. मामा म्हणाला, "पाच-सहा आहेत, टिकतील." तिकडून बाबा काय म्हणाले कळलं नाही, पण मामा हसला.

२ एप्रिल

मंडळाचे अध्यक्ष आले होते, प्रदर्शनाची झाडं बघायला. दाढेभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सुंदर! हिला मधली जागा देऊ. नाव काय लिहू?"

म्हटलं, "अजून कळायचंय."

"अहो, लहान पानं आहेत ना? फायकस मायक्रोकार्पा लिहा. कोण बघतंय?"

आता इथं मी शांतपणे म्हणायला हवं होतं की नको. मी काय म्हणालो ते लिहीत नाही, वही जळेल. मामानं मला पाठीमागून धरून आत नेलं. बाहेर मामी अध्यक्षांना सांगत होती, "कुकर आहे आमचा. पण आतलं अन्न चांगलं शिजतं."

आत आल्यावर मामा म्हणाला, "लिहिलं असतं तर सुटला असतास. बाबांना काय कळणार होतं?"

मी कात्री पुसायला घेतली. ती तिकडे एकेका वाळक्या पानासाठी दुपार दुपार घालवते. तिच्यासमोरून मी खोटी पाटी घेऊन कसा जाणार? पण हे मामाला कसं सांगायचं?

"कळलं," मामा म्हणाला. मी काही बोललो नसताना.

१५ एप्रिल

फळं पिकली! नारिंगी झाली आहेत, मण्यांसारखी. कुंडी मांडीवर घेऊन रिक्षानं संग्रहालयात गेलो. रिक्षावाल्याला सांगितलं, "खड्डा चुकवा, बाळंतीण आहे." त्यानं मागे वळून बघितलं आणि खरंच सावकाश चालवली.

मॅडमनी पहिल्यांदाच चष्मा काढून झाडाकडे बघितलं. म्हणाल्या, "छान. आता या फळांची फांदी कापून द्या, वीतभर."

"वीतभर?"

"मी नाव दिलं की त्याचा पुरावा कपाटात राहिला पाहिजे. उद्या कुणी म्हणालं मी चुकले, तर कपाट उघडून त्याला दाखवता यायला हवं."

"दोन फळं घ्या ना सुटी! फोटो काढा!"

"फळं फांदीला कशी बसली आहेत ते दिसायला हवं. आणि वाळलेलं फळ पाण्यात भिजवून पुन्हा उकलता येतं, फोटो नाही."

बोन्सायमध्ये वीतभर फांदी म्हणजे अख्खा हात. मी मॅडमच्या टेबलावर मूठ आपटली. मॅडम म्हणाल्या, "टेबल जुनं आहे." मी कुंडी उचलून निघालो. जिन्यात ती मागून आली. मला वाटलं, समजूत घालेल. ती नुसती कुंडीची दुसरी बाजू धरून रिक्षापर्यंत आली.

कापली तर मधल्या जागेची दाढ थोटी होणार. नाही कापली तर पाटी नाही, आणि मला बॅग भरायला लागणार. ती बसते त्या दारापासून लांबच्या गावी.

१७ एप्रिल

मामाला सांगितलं. वाटलं होतं चिडेल. त्यानं चहा मागितला. मग चष्मा लावला (मामी बघतच राहिली) आणि त्या फांदीवरून बोट फिरवलं.

"ही मी पहिल्यांदा वाकवली तेव्हा तुझी मामी माझ्याशी बोलत नव्हती. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून इतकी छान जमली."

मामी म्हणाली, "परत नको बोलू का?"

"मामा, तू काप," मी म्हटलं. "मला नाही जमणार."

"मी कापली तर मी तुझ्यासाठी कापली असं होईल. मग जन्मभर ऐकवीन. तुझं तू काप."

ती आली होती, रविवार नसताना. तिनं फांदी खालून तळहातावर धरली. मी कात्री लावली. कट्! चीक भळाभळा तिच्या बोटांवर आला. तिनं हात काढला नाही. मी म्हटलं, "चिकटेल." ती म्हणाली, "मला सवय आहे."

दाढ भयाण दिसत होती. मामानं जखमेवर राख दाबली आणि कुंडी हळूहळू फिरवायला लागला. थोडी फिरवली, मान तिरकी केली. आणखी फिरवली. जवळजवळ उलटी झाली तेव्हा त्याचा हात थांबला.

"कुकर. इकडे ये. बघ."

जी बाजू कायम भिंतीकडे होती तिथून दोन पारंब्या बुंध्याला बिलगून खाली उतरल्या होत्या. गुंड आता मधोमध, माथ्यासारखा दिसत होता आणि गेलेल्या फांदीची जागा मागे लपली होती. दाढ एखाद्या जुन्या रस्त्याच्या कडेच्या खऱ्या मोठ्या झाडासारखी उभी होती.

मामा म्हणाला, "इतकी वर्षं मी लोकांना हिची पाठ दाखवत होतो."

१८ एप्रिल

नाव मिळालं.

मॅडमनी पातं घेऊन फळ चिरलं, भिंगाखाली धरलं. गुंडाचं मोठं पान घेतलं, त्याच्या शिरा पाहिल्या, लांब टोक पाहिलं. जुन्या कपाटातून दोन-तीन कागद काढून शेजारी मांडले. इतके दिवस मनात कुणाला न सांगता एक ठरवलं होतं: हे जगाला न सापडलेलं झाड निघणार आणि मी त्याला तिचं नाव देणार.

"फायकस बेंजामिना. शंका नाही."

"म्हणजे... ते लॉबीत, ऑफिसात, सगळीकडे असतं ते?"

"वेटिंग रूममधूनच आणलंत ना?"

माझा चेहरा पडला असावा, कारण मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "पण इतक्या लहान पानांचा प्रकार मी पाहिलेला नाही. तो मोठा कोंब आला ना, ते त्याचं मूळचं पान. बाकीचं झाड त्यापासून वेगळं झालंय. जात सांगणं माझं काम. या वेगळ्या वाणाचं पुढं काय ते तुमचं बागवानांचं. कलमं करा. ती मोठी होऊनही अशीच राहतात का बघा. मग नावाची भाषा करा."

"किती दिवस लागतील?"

"वर्षं लागतील."

"म्हणजे मला इथंच राहावं लागेल!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेर ब्रश पडल्याचा आवाज आला.

निघताना तिला धीर करून सांगितलं, वाणाला नाव द्यायची वेळ आली तर कुणाचं देणार ते. ती लाल झाली. मग म्हणाली, "खबरदार. रोज सकाळी लोक म्हणणार, आज हिची छाटणी करा, उद्या हिला तार बांधा, परवा हिला अर्धपोटी ठेवा. दुसरं कुणाचं तरी दे. अध्यक्षांचं दे."

२७ एप्रिल

प्रदर्शन. दाढ मधल्या जागी. पाटीवर: फायकस बेंजामिना, लहान पानांचा प्रकार.

अध्यक्षांची माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, तुम्ही जे बोललात त्यातले दोन शब्द मी घरी वापरले, फार उपयोग झाला."

बाबा दुपारी आले, कामाच्या कपड्यांत, खिशात टॉर्च. पाटी वाचली. इतर लोक समोरून बघून पुढे जात होते. बाबा मागच्या बाजूला गेले. टॉर्च काढला. मी म्हटलं, संपलं.

"इथं काय होतं?"

"फांदी होती. सगळ्यात चांगली."

"कापली का?"

सांगितलं. मॅडम, पुरावा, कपाट, सगळं. बाबांनी टॉर्च बंद केला नाही.

"एखादं नाव नुसतं लिहून टाकलं असतं तर?"

"चाललं असतं. अध्यक्षच सांगत होते."

"मग?"

मी पाटी उगाच सरळ केली. मला त्यांचाच राग आला होता. इतकं साधं विचारायचं असतं का? बाबांनी टॉर्च खिशात ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी आजोबांना ते म्हणाले, "जरा मागूनही बघा. काम मागे असतं. मुलगा आहे माझा."

मग ते मामाला शोधायला गेले आणि दोघं बाहेर चहा पीत उभे राहिले. मामी म्हणाली, "दर रविवारी झाडाचं विचारायचे बघ तुझे बाबा. तुझं विचारायला लाज वाटायची ना." हे तिनं आधी सांगायला काय झालं होतं? मी तर पाळत समजत होतो!

कॉलेजचा विषय कुणीच काढला नाही.

४ मे

कलमं लावली, एक अख्खी रांग. पहिल्यांना पालवी फुटते आहे. पानं इवलीशी. अजून तरी.

संग्रहालयात गेलो. दाढेची फांदी आता वाळली होती, फळं काळपट झाली होती. ती फांदी ती जाड कागदावर बसवत होती. मी न सांगता पलीकडचं टोक धरलं. तिनं पट्ट्या लावल्या, वाळूच्या पिशव्या ठेवल्या. खालच्या कोपऱ्यात एक छोटा कागद असतो, त्यावर झाडाचं नाव, कुठून आणलं ते, आणि कुणी गोळा केलं ते लिहितात. तिनं पेन घेतलं.

"कुणी गोळा केलं?"

"मी."

"फांदी खालून कुणी धरली होती?"

"तू."

"मग आम्ही दोघांची नावं लिहितो. पद्धत आहे तशी." ती वर बघत नव्हती. तिनं आधी माझं नाव लिहिलं, सावकाश, सुंदर अक्षरात. मग तिचं, त्याच ओळीत.

मी विचारलं, "हे किती टिकतं?"

"वाळवी लागू दिली नाही तर दोनशे वर्षं सहज."

आतून मॅडम ओरडल्या, "डिंक वाळेपर्यंत हलवू नका!"

आम्ही हललो नाही.